इजा मांडीला, निकामी फुप्फुस : एका अपघातग्रस्ताच्या श्वेतपेशींचा मागोवा

अपघातातला रुग्ण पहिल्या रात्री वाचतो, रक्तस्राव थांबतो, रक्तदाब सावरतो, आणि तरीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्या अवयवाला साधा धक्काही लागला नव्हता तोच बंद पडू लागतो. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना हे नवे नाही. नातेवाइकांना मात्र ते अनाकलनीय वाटते, आणि त्यांच्या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘इन्फेक्शन झाले आहे’ एवढेच उत्तर मिळते. प्रस्तुत प्रकरणात हे उत्तर एकदा चुकीचे ठरले असते आणि एकदा बरोबर ठरले, आणि दोन्ही वेळा प्रयोगशाळेच्या कागदावरील पांढऱ्या पेशींचा आकडा जवळपास सारखाच होता. तो आकडा कोणत्या तासाला, कोणत्या रुग्णात आणि कशाच्या पाठोपाठ आला हे पाहिल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नसतो, हे दाखवणे हा या लेखनाचा हेतू आहे.

येथे वर्णिलेला रुग्ण कोणी एक विशिष्ट व्यक्ती नाही. तीव्र इजेनंतर वारंवार आढळणारा घटनाक्रम सलग पाहता यावा म्हणून हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. ओघात येणारे संशोधनाचे संदर्भ मात्र प्रत्यक्षातले आहेत.

रुग्ण ३२ वर्षांचा, दूध संकलन केंद्रावर कॅन पोहोचवणारा, पूर्वी कोणताही आजार नसलेला पुरुष. पहाटे साडेपाचच्या सुमारास मोटारसायकलला टेम्पोची धडक बसली. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने त्याला ५० मिनिटांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आणले, तेव्हा नाडी १३२, रक्तदाब ८० / ५०, हातपाय थंडगार आणि उजवी मांडी सुजून वाकलेली होती. शुद्ध होती, डोक्याला मार नव्हता. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाय ताणून स्थिर ठेवणारे थॉमस स्प्लिंट बांधले, दोन मोठ्या सुया लावल्या, आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध १ ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून दिले. हे शेवटचे काम ज्या तत्परतेने झाले त्याचा उल्लेख आवर्जून करायला हवा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतील २०,२११ रुग्ण होते आणि त्यांत भारतातील रुग्णांची संख्या मोठी होती. हे औषध पहिल्या तीन तासांत दिले तरच लाभ होतो, उशिरा दिल्यास अपायही होऊ शकतो, हे त्या चाचणीच्या विश्लेषणातून पुढे आले. महागड्या यंत्रणेची गरज नसलेला हा उपचार आपल्या ग्रामीण रुग्णालयांत आजही प्रत्येक वेळी वेळेवर होतोच असे नाही.

इजेनंतर २ तास ४० मिनिटांनी रुग्ण शहरातील मोठ्या रुग्णालयात पोहोचला. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले. डाव्या बाजूच्या सहाव्या ते नवव्या बरगड्या मोडल्या होत्या, त्याखालील फुप्फुसाला मुका मार होता, प्लीहा (पाणथरी) फाटली होती आणि उजव्या मांडीचे हाड मधोमध तुटले होते. कातडीवर खरचटण्यापलीकडे जखम नव्हती. मांडीचे हाड बाहेर आलेले नव्हते आणि आतडे शाबूत होते. जंतूंना आत शिरायला वाट मिळेल अशी एकही जागा या शरीरावर नव्हती, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिन ७.८, ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्याचे सांगणारे लॅक्टेट ६.८ आणि बेस डेफिसिट ११ (दोन्ही चढे), शरीराचे तापमान ३४.८ अंश सेल्सियस. आणि सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी (श्वेतपेशी) १९,४००, त्यांपैकी ८६ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या श्वेतपेशी.

तीन तासांत जंतुसंसर्ग होऊन आकडा इतका वाढणे शक्य नाही. मग या पेशी आल्या कोठून? त्या आधीपासूनच शरीरात होत्या. न्यूट्रोफिलांचा मोठा साठा एरवी रक्तवाहिन्यांच्या कडेला, विशेषतः फुप्फुसातील केशवाहिन्यांत, रेंगाळत असतो, आणि त्याहून कितीतरी मोठा साठा अस्थिमज्जेत तयार असतो. निरोगी प्रौढाची मज्जा दिवसाला सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. इजा होताच ॲड्रेनलिनचा लोंढा कडेच्या पेशींना प्रवाहात ढकलतो आणि थोड्याच वेळात मज्जाही आपली दारे उघडते. सीबीसीत मोजल्या जातात त्या केवळ प्रवाहातल्या पेशी, एवढे लक्षात ठेवले तर पुढचा घोळ टळतो.

परंतु पेशी प्रवाहात येणे वेगळे आणि त्या चिडणे वेगळे. जंतू नसताना त्यांना चिथावणी मिळते ती मोडलेल्या, चिरडलेल्या आणि रक्तावाचून गुदमरलेल्या स्वतःच्याच ऊतींकडून. १९९४ साली पॉली मॅत्झिंगर यांनी मांडले की रोगप्रतिकार यंत्रणा ‘आपले’ आणि ‘परके’ एवढाच भेद पाहत नाही, ती धोक्याच्या खुणाही ओळखते. या विचाराला इजेच्या संदर्भात भक्कम आधार मिळाला तो २०१० साली, बोस्टनमधील कार्ल हाउझर आणि सहकाऱ्यांच्या कामातून. मोठ्या इजेनंतर रुग्णाच्या रक्तात मायटोकाँड्रियातील (पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या घटकांतील) डीएनए आणि प्रथिनांचे तुकडे मोठ्या प्रमाणावर सांडलेले असतात आणि न्यूट्रोफिल त्यांना जंतूसारखाच प्रतिसाद देतात, हे त्यांनी दाखवले. मायटोकाँड्रिया हे अब्जावधी वर्षांपूर्वी पेशीत मुक्कामाला आलेल्या जीवाणूंचे वंशज आहेत. त्यांच्या प्रथिनांच्या सुरुवातीला आजही जीवाणूंप्रमाणेच फॉर्मिल गट असतो. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरील ग्राहक या गटावरूनच जीवाणू ओळखतो. तेव्हा आमच्या रुग्णाच्या मांडीतील फुटलेल्या पेशींमधून बाहेर पडलेला मजकूर त्याच्या श्वेतपेशींनी ‘जीवाणू आले’ असाच वाचला, आणि यंत्रणेच्या बाजूने पाहिले तर तो वाचण्यात काही चूकही नव्हती.

याला जोड मिळाली रक्तस्रावाची. रक्तदाब खाली असतानाच्या दोन-अडीच तासांत आतडे, मूत्रपिंड आणि यकृत यांना पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही. रक्त भरून प्रवाह पूर्ववत केल्यावर जो ऑक्सिजन परत आला त्याच्यासोबत विध्वंसक ऑक्सिजन-कणही तयार झाले, आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर श्वेतपेशींना चिकटण्यासाठीचे रेणू उगवले. पुनरुज्जीवन करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी ही विलक्षण अडचण आहे: प्रवाह परत आणणे अपरिहार्य असते, आणि इजेचा दुसरा भाग त्या क्षणी सुरू होतो.

शस्त्रक्रियेत सुमारे दीड लिटर रक्त पोटातून काढले गेले आणि प्लीहा काढावी लागली. डाव्या छातीत नळी टाकली. लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट समप्रमाणाच्या जवळपास राहतील अशा बेताने दिल्या. त्यानंतर टेबलावरच प्रश्न उभा राहिला तो मांडीच्या हाडाचा. १९८०च्या दशकात असे हाड २४ तासांच्या आत पक्के केल्यास रुग्णांना लाभ होतो असे आढळले, आणि १९८९ साली अमेरिकेतील डलास येथील चाचणीने त्याला दुजोरा दिला. त्या काळात ‘सगळे पहिल्याच दिवशी’ हे धोरण रूढ झाले. पुढे जर्मनीतील हॅनोव्हरच्या हान्स-क्रिस्टोफ पापे यांच्या गटाने १९९३ साली लक्षात आणून दिले की छातीला मार असलेल्या रुग्णांत पहिल्याच दिवशी मज्जा पोखरून हाडाच्या पोकळीत नेल (धातूची दांडी) घातल्यास फुप्फुस निकामी होण्याचे प्रमाण वाढते. पोखरताना मज्जेतील चरबी आणि कचरा दाबाखाली शिरांत ढकलला जातो, तो थेट फुप्फुसात जाऊन अडकतो, आणि आधीच सज्ज असलेल्या न्यूट्रोफिलांना दुसरी चिथावणी मिळते. अमेरिकेतील डेन्व्हर येथील मूर आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना ‘दोन धक्क्यां’च्या स्वरूपात मांडली: पहिला धक्का पेशीला सज्ज करतो, दुसरा तिला सोडतो.

आमच्या रुग्णाची छाती जखमी, लॅक्टेट चढा, शरीर थंड आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली होती. अस्थिशल्यचिकित्सकांनी नेलचा आग्रह न धरता ३५ मिनिटांत एक्सटर्नल फिक्सेटर, म्हणजे हाडात पिना रोवून बाहेरून धरणारी चौकट, लावला आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात सोडले. या निर्णयाकडे कोणी अपुरी शस्त्रक्रिया म्हणून पाहील. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत विचारपूर्वक केलेली शस्त्रक्रिया हीच होय. हाड पुरेसे स्थिर झाले, त्यामुळे मोडलेल्या टोकांची घासाघीस आणि रक्तस्राव थांबला, आणि श्वेतपेशींना नवे निमित्त मिळाले नाही.

इजेनंतर ११ तासांनी पुन्हा सीबीसी झाली. पांढऱ्या पेशी ५,६००. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या मर्यादेत, ४,००० ते ११,०००च्या दरम्यान. त्यामुळे कागदावर आकड्यापुढे वर-खाली दाखवणारी कोणतीही खूण छापलेली नव्हती. बाहेर बसलेल्या थोरल्या भावाने तो कागद रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांपुढे धरून विचारले, “डॉक्टर, सकाळी एकोणीस हजार होता, आता नॉर्मल आलाय ना काउंट? म्हणजे धोका टळला म्हणायचं?” निवासी डॉक्टरांनी कागदाच्या तळाकडे बोट दाखवले. तेथे हाताने लिहिले होते: बँड (अपक्व न्यूट्रोफिल) १४ टक्के. “दादा, जुन्या पेशी कुठंतरी जाऊन बसल्यात, म्हणून मज्जा आता कच्च्या पेशी बाहेर काढतेय. आजची रात्र आणि उद्याचा दिवस बघू या.”

हे उत्तर अचूक होते. सलाइन आणि रक्ताने पेशींची संख्या काहीशी विरळ होते हे खरे, पण आठ तासांत एक-तृतीयांशाहूनही खाली येण्याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही, आणि बँड वाढण्याचे तर मुळीच नाही. डेन्व्हरच्याच गटाने १९९५ साली नोंदवले होते की ज्या रुग्णांचे पुढे अनेक अवयव निकामी झाले, त्यांच्यात पहिल्या तीन तासांत न्यूट्रोफिल वाढले आणि ६ ते १२ तासांच्या दरम्यान झपाट्याने घटले. ज्यांना असा त्रास झाला नाही त्यांच्यात ही घट दिसली नाही. प्रवाहातून नाहीशा झालेल्या पेशी मेलेल्या नसतात, त्या ऊतींत बसलेल्या असतात.

बसण्याची त्यांची पहिली जागा फुप्फुस का, याचे कारण बऱ्याच अंशी यांत्रिक आहे. हृदयाच्या उजव्या बाजूने फेकलेले सर्व रक्त फुप्फुसातून जाते; दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या वाट्याला एवढे रक्त येत नाही. तेथील केशवाहिन्यांचा व्यास सरासरी पाच-सहा मायक्रॉन आणि न्यूट्रोफिलचा सात-आठ. म्हणजे प्रत्येक न्यूट्रोफिलला अंग चोरून, लांबट होऊन पुढे सरकावे लागते, आणि एका फेरीत असे डझनावारी बोळ ओलांडावे लागतात. शांत न्यूट्रोफिल लवचीक असतो. चिथावलेल्या न्यूट्रोफिलमधील ॲक्टिनचे धागे ताठरतात आणि पेशी कडक होते, त्यामुळे ती बोळातच अडकते. त्यानंतर तिच्या पृष्ठभागावरील सीडी११बी आणि सीडी१८ हे जोडरेणू रक्तवाहिनीच्या अस्तरावरील रेणूंना घट्ट पकडतात. अस्तरावर एरवी शर्करायुक्त रेणूंचा जो मऊ थर असतो तो रक्तस्रावाच्या धक्क्यातच झडलेला असतो, त्यामुळे ही पकड अधिकच सोपी होते.

चिकटलेल्या पेशीजवळ शस्त्रे भरपूर असतात, आणि ती सगळी निकट अंतरावर वापरण्याची आहेत. तिच्या कणिकांतून इलॅस्टेझ हे विकर बाहेर पडते. फुप्फुसाला ताण देणारे तंतू आणि पेशींना जोडणारी प्रथिने ते तोडते. मायलोपेरॉक्सिडेझच्या साहाय्याने ती हायपोक्लोरस ॲसिड बनवते, जे घरगुती ब्लीचमधील मारक द्रव्याचेच आम्लरूप आहे. शिवाय काही न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए उलगडून विकरांनी माखलेले जाळे बाहेर टाकतात. ही क्रिया बर्लिनमधील ब्रिंकमन आणि झिक्लिन्स्की यांनी २००४ साली प्रथम वर्णिली. एखाद्या जीवाणूभोवती ही सारी शस्त्रे पेशीच्या पोटात बंद राहून चालतात. येथे गिळण्यासाठी जीवाणू नाही, पेशी सपाट भिंतीला चिकटली आहे, आणि शस्त्रे चालतात ती भिंतीवर. भिंत झिरपू लागते. प्रथिनयुक्त पाणी हवेच्या कप्प्यांत उतरते. कुंपणच शेत खाते ही म्हण अशा वेळी ओठांवर येते, पण ती या पेशींवर अन्याय करणारी आहे, कारण याच पेशी याच रुग्णाला आठवड्याभराने हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी, इजेनंतर सुमारे ३६ तासांनी, व्हेंटिलेटरवर ६० टक्के ऑक्सिजन असतानाही धमनीतील ऑक्सिजनचा दाब ७६ होता. या दाबाला दिलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने (०.६) भागून येणारे, वॉर्डात ज्याला सगळे ‘पी-एफ रेशो’ म्हणतात ते गुणोत्तर १२७ भरले. २०१२ च्या बर्लिन व्याख्येप्रमाणे १०० ते २०० म्हणजे मध्यम तीव्रतेचा एआरडीएस, दाहाने फुप्फुसे एकाएकी निकामी होण्याचा विकार. एक्स-रे तर अधिक बोलका होता. मार डाव्या छातीला, पण धूसर पांढरेपणा दोन्ही बाजूंना सारखाच, आणि ज्या उजव्या फुप्फुसाला काहीही लागले नव्हते ते डाव्याइतकेच झाकोळलेले. इकोमध्ये हृदय उत्तम चालत होते. लघवी तासाला २० मिलिलिटरवर आली, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.९ वरून २.४ झाले, यकृताचे काम दाखवणारे बिलिरुबिन २.८ झाले.

येथे इतर शक्यता तपासणे गरजेचे होते, आणि त्या तपासल्या गेल्या. मांडीच्या हाडातील चरबी फुप्फुसात गेल्याने असे होऊ शकते. छातीवर, काखेत किंवा डोळ्यांत बारीक लाल ठिपके नव्हते, मात्र ही शक्यता पूर्णपणे बाद करणारी चाचणी उपलब्ध नाही. रक्त चढवल्याने होणारी फुप्फुसाची इजा साधारणपणे सहा तासांच्या आत दिसते, आणि येथे शेवटची पिशवी त्याच्या बऱ्याच आधी संपली होती. त्या विकारातही दात्याच्या प्रतिद्रव्यांनी चिथावलेले न्यूट्रोफिलच गुन्हेगार असतात, हा भाग वेगळा. जास्त पाणी झाल्याची शंका इकोने दूर केली. राहिला जंतुसंसर्ग. रक्ताची आणि श्वासनलिकेतील स्रावाची कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) ४८ तासांनंतरही निरंक आली. जंतुसंसर्गात वाढणारे प्रोकॅल्सिटोनिन ४.२ होते, परंतु मोठ्या इजेनंतर आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ते जंतूंवाचूनही वाढते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून अँटिबायोटिक चढवणे समर्थनीय नव्हते. शस्त्रक्रियेपुरते दिलेले अँटिबायोटिक २४ तासांनी बंद करण्यात आले आणि ते बंदच ठेवले.

या निर्णयाला नातेवाइकांकडून विरोध झाला आणि तो स्वाभाविक होता. अवयव निकामी होतात म्हणजे शरीरात कोठेतरी पू लपला असणार, ही समजूत एकेकाळी शल्यचिकित्सकांचीही होती, आणि पू शोधण्यासाठी पोटे पुन्हा उघडली जात असत. १९८५ साली नेदरलँड्समधील यान खोरिस यांनी इजेचे रुग्ण आणि पोटातील जंतुसंसर्गाचे रुग्ण शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. अवयव निकामी होण्याचा प्रकार दोन्ही गटांत सारखाच होता, पण इजेच्या अनेक रुग्णांत जंतुसंसर्ग सापडलाच नाही. शरीराने स्वतःवर उलटवलेला व्यापक दाह हे त्यांचे अनुमान होते.

मग श्वेतपेशींनाच आवर का घालू नये? या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे. १९८८ साली अमेरिकेत निकोलस वेडर आणि सहकाऱ्यांनी सशांमध्ये सीडी१८ला बांधणारे प्रतिद्रव्य देऊन रक्तस्रावाच्या धक्क्यानंतरची अवयवांची हानी आणि मृत्यू दोन्ही कमी करून दाखवले. अपेक्षा उंचावल्या. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र अशा प्रतिद्रव्यांनी इजेच्या रुग्णांना ठोस लाभ दिला नाही. सशाला औषध केव्हा द्यायचे हे प्रयोगकर्ता ठरवतो; अपघातग्रस्त येतो तेव्हा न्यूट्रोफिल बऱ्याचदा अगोदरच चिकटलेले असतात. शिवाय ज्या मुलांमध्ये सीडी१८ जन्मतःच नसते त्यांचे काय होते हे सर्वांना माहीत आहे: नाळ वेळेवर गळत नाही, जखमांत पू होत नाही, आणि साधे जंतू जिवावर उठतात. स्टेरॉइडबद्दलही सावधगिरी हवी. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ प्रौढांवरील, क्रॅश-२ च्या आधीच्या क्रॅश चाचणीत स्टेरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांतील मृत्यू २१.१ टक्के आणि न दिलेल्या गटात १७.९ टक्के होते. आमच्या रुग्णाला डोक्याचा मार नव्हता, पण मोठ्या इजेत दाह ‘दाबून टाकण्या’चा मोह किती महाग पडू शकतो याची ती आठवण आहे. न्यूट्रोफिल जवळजवळ शून्यावर आलेल्या कर्करोगाच्या रुग्णांतही एआरडीएस झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे सर्व दोष या एकाच पेशीच्या माथी मारणेही योग्य नाही; मोनोसाइट, फुप्फुसातील स्थायिक भक्षक पेशी, प्लेटलेट आणि गोठण्याची यंत्रणा यांचाही त्यात वाटा असतो.

म्हणून उपचाराचे धोरण असे राहिले की श्वेतपेशींना हात लावायचा नाही, त्यांना नवे कारण द्यायचे नाही. उंची १६८ सेंटिमीटर, त्यावरून काढलेले अपेक्षित वजन सुमारे ६४ किलो, आणि त्या हिशेबाने प्रत्येक श्वास ३८५ मिलिलिटरपेक्षा मोठा ठेवला नाही. २००० साली ८६१ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर श्वास दिल्याने मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले होते. ताणलेले फुप्फुस स्वतःच दाहाचे रेणू सोडते आणि न्यूट्रोफिलांना बोलावते. त्यामुळे व्हेंटिलेटर हाही दुसरा धक्का ठरू शकतो. गुणोत्तर १५० च्या खाली असल्याने रुग्णाला रोज १६ तास पालथे ठेवले. छातीची नळी, पोटावरची ताजी शिवण आणि मांडीवरचा फिक्सेटर सांभाळत चार-पाच जणांनी माणूस पालथा करायचा म्हणजे काय असते ते शुश्रूषा करणाऱ्यांनाच ठाऊक. सलाइन हात राखून दिले, नळीतून अन्न दुसऱ्याच दिवशी सुरू केले. डायलिसिसची गरज पडली नाही. पाचव्या दिवशी गुणोत्तर २४० पर्यंत चढले, लघवी सुधारली.

पाचव्या आणि सातव्या दिवसांच्या दरम्यान चित्र बदलले. ताप ३८.६ अंश, गुणोत्तर १७० वर घसरलेले, श्वासनलिकेतून घट्ट पिवळा स्राव, एक्स-रेत उजव्या खालच्या भागात नवीन डाग, आणि पांढऱ्या पेशी २१,२००. नुसता आकडा पाहिला तर पहिल्या दिवसाच्या १९,४०० पेक्षा फार वेगळा नाही. त्यातच प्लीहा काढलेल्या रुग्णात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोणत्याही संसर्गावाचून वाढलेल्या राहतात. प्लेटलेट तेव्हा सहा लाखांवर होत्याच. त्यामुळे ‘हे तर अपेक्षितच आहे’ असे म्हणून सोडून देण्याची पूर्ण सोय होती. उपचार करणाऱ्यांनी तसे केले नाही, कारण आकडा एकटा आलेला नव्हता. ताप, स्राव, नवा डाग आणि ऑक्सिजनची घसरण यांच्या सोबतीने तो आला होता. स्रावाच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिए हा जीवाणू मोठ्या प्रमाणावर वाढला. या वेळी अँटिबायोटिक तत्काळ सुरू झाले आणि संवेदनशीलतेचा अहवाल आल्यावर नेमके करून सात दिवस दिले.

पहिल्या दिवशी अतिउत्साही असलेली यंत्रणा आठवड्याभरात इतकी दुबळी कशी झाली, असे वाटणे साहजिक आहे. २०११ साली अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून मुक्या माराच्या १६७ गंभीर रुग्णांच्या श्वेतपेशींमधील जनुकांचा अभ्यास केला. इजेनंतर ८० टक्क्यांहून अधिक जनुकांचे काम बदललेले आढळले. आधी दाह आणि मग दुबळेपणा, अशी जी क्रमवार कल्पना पूर्वी होती तिला या अभ्यासाने छेद दिला: दाहाची जनुके चढणे आणि टी-पेशींच्या कामाची जनुके उतरणे ही दोन्ही एकाच वेळी, पहिल्या काही तासांतच सुरू होतात. गुंतागुंत झालेले आणि न झालेले रुग्ण यांच्यात फरक होता तो या बदलांच्या तीव्रतेचा आणि ते किती काळ टिकले याचा. आमच्या रुग्णाच्या सीबीसीतही ही दुसरी बाजू पहिल्या दिवसापासून छापलेली होती, फक्त तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. लिम्फोसाइट (ज्यांत टी-पेशी मोडतात त्या श्वेतपेशी) सहाव्या दिवसापर्यंत हजाराच्या आत अडकून राहिले होते. इजेनंतर लिम्फोसाइट दीर्घकाळ कमी राहणे हे वाईट लक्षण समजले जाते. मज्जेतून घाईने बाहेर काढलेल्या कच्च्या न्यूट्रोफिलांची जंतू मारण्याची क्षमताही पक्क्या पेशींएवढी नसते. थोडक्यात, २१,२०० हा आकडा मोठा होता, पण त्यातील कामाच्या पेशी किती हे तो सांगत नव्हता.

दरम्यान मांडीच्या कायमच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न लोंबकळत होता. तिसऱ्या दिवशी, फुप्फुस सुधारण्याची पहिली चिन्हे दिसताच, ‘आता नेल करून टाकू या’ अशी सूचना आली होती, आणि ती मागे घेण्यात आली. पापे यांच्या गटाने पुढे दाखवले होते की दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत मोठी शस्त्रक्रिया केल्यास दाहाचे रेणू अधिक उसळतात. सहाव्या ते आठव्या दिवसांत तितके नाही. या रुग्णात सहावा ते आठवा दिवस न्यूमोनियाने खाल्ला. दुसऱ्या बाजूने फिक्सेटर दोन आठवड्यांहून अधिक ठेवला तर पिनांच्या वाटेने जंतू हाडात जाण्याचा धोका वाढत जातो. अकराव्या दिवशी श्वासनलिकेतील नळी निघाली. तेराव्या दिवशी ताप नाही, लॅक्टेट १.२, प्लेटलेट भरपूर, पिनांची जागा कोरडी असे पाहून नेल घातला. त्या रात्री ऑक्सिजन थोडा खाली आला आणि सकाळपर्यंत सावरला.

येथे मतभेदाला जागा आहे हे मान्य करायला हवे. लॅक्टेट लवकर उतरत असेल, शरीर गरम असेल आणि छातीचा मार हलका असेल तर पहिल्याच दिवशी नेल करणे आज अनेक केंद्रांत योग्य मानले जाते, आणि तसे रुग्ण लवकर उठून बसतात. फिक्सेटरचे धोरण सरसकट लावले तर कित्येकांना एक अनावश्यक शस्त्रक्रिया सोसावी लागेल. प्रस्तुत रुग्णात लॅक्टेट ६.८ आणि तापमान ३४.८ होते, हे दोन आकडे वेगळे असते तर निर्णयही वेगळा झाला असता. पांढऱ्या पेशींचा आकडा या निर्णयात कोणी विचारात घेतला नाही, आणि पहिल्या तासांत तो घेण्यासारखाही नसतो. रक्तस्रावाने ऊतींची किती उपासमार झाली याचे माप लॅक्टेट आणि बेस डेफिसिट अधिक विश्वासाने देतात.

बाविसाव्या दिवशी रुग्ण वॉकर घेऊन घरी गेला. क्रिएटिनिन १.० होते. प्लीहा गेल्यामुळे न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी यांच्या लसी सोळाव्या दिवशी दिल्या, कारण शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे थांबून दिल्यास प्रतिसाद चांगला मिळतो. डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरांत, ‘प्लीहा काढलेली आहे’ असे लिहिले, आणि थंडी वाजून ताप आल्यास सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठायचे, तेथे हे कार्ड आधी दाखवायचे, हे भावाला आणि पत्नीला प्रत्येकी वेगळे समजावून सांगितले.